चावी वर जाणाऱ्याच्या खिशात

चौबळ साहेबांचे हात देखणे होते, हे मला मान्यच करावं लागेल. अठ्ठावन्नाव्या वर्षीही लांब, निमुळती बोटं, नीट कापलेली नखं आणि तळव्यावर एक घट्टा नाही. वेळसरच्या बिनतारी केंद्रात मी पहिल्या दिवशी पोचले, तेव्हा ते हात हलवत हलवत मला केंद्र दाखवत होते. मी मात्र केंद्र सोडून त्या हातांकडेच बघत होते.

"हे आमचं जुनं यंत्र, मॅडम," लोखंडी कपाटावर थाप मारत ते म्हणाले. "सव्वीस वर्षं झाली. अकराचा हवामानाचा संदेश एक दिवस चुकलेला नाही. मच्छीमार घड्याळं लावतात आमच्यावर."

"आणि याची चावी?"

"ही बघा." सदऱ्याच्या खिशातून पितळी चावी काढून त्यांनी माझ्यासमोर धरली. "पहिल्यापासून एकच. आमच्याकडे शिस्त असते."

मी मान डोलावली. माझ्या पर्समध्ये, आईच्या जुन्या रुमालात गुंडाळलेली, त्याच यंत्राची चावी होती.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीत होते. आम्ही बिनतारी केंद्रांसाठी पॉवर अँप्लिफायर बनवायचो आणि जागेवर जाऊन बसवूनही द्यायचो. त्या वर्षीच्या यादीत वेळसरचं नाव दिसलं आणि मी कंपनीतल्या साहेबांच्या मागे लागून ते काम मागून घेतलं. त्यांना वाटलं, मॅडमना कोकण बघायचंय. लग्नानंतर माझं आडनाव मांजरेकर झालं होतं, त्यामुळे चौबळांना कळायचं काही कारण नव्हतं की मी दत्ताराम तोरस्करची मुलगी आहे.

माझे बाबा वेळसरच्या मनोऱ्यावर चढायचे. ते काय करायचे ते समजायला अँप्लिफायर थोडा समजावा लागतो, पण घाबरू नका, मी थोडक्यात सांगते. यंत्रात आवाज जन्मतो तेव्हा तो अगदी किडूकमिडूक असतो, त्याच्यावर टॉर्चचा दिवासुद्धा धड पेटणार नाही. तो चाळीस मैलांवरच्या होडीत पोचवायचा तर त्याच्या पाठीशी बळ उभं करावं लागतं. ते काम अँप्लिफायरचं. जुन्या यंत्रात दुधाच्या चरवीएवढी एक काचेची ट्यूब ते एकटी करायची. आमच्या नव्या यंत्रात सोळा छोटे अँप्लिफायर होते. एकेकट्याची ताकद बेताचीच, पण सगळ्यांची पावलं लेझमीसारखी एका ठेक्यात पडली की बेरीज होते. वाढलेलं ते बळ तांब्याच्या नळीतून भिंतीबाहेर आणि तिथून दोन मनोऱ्यांमध्ये ताणलेल्या तारेत जातं. तारेने जेवढं घेतलं तेवढं समुद्रावर जातं. जे घेतलं नाही ते उलटं फिरतं आणि धाडणाऱ्यालाच जाळायला येतं.

वेळसरला वैरी होतं मीठ. खाऱ्या वाऱ्याने तारेच्या टोकाच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसायचा आणि शक्ती गळायला लागायची. मग पंधरवड्यातून एकदा बाबा कमरेला पट्टा आणि पाठीवर गोड्या पाण्याचा डबा बांधून शंभर फूट चढायचे आणि इन्सुलेटर धुवायचे. त्या वेळी तारेला हात लागणारच. म्हणून केंद्राच्या भिंतीवर लाल रंगात एक नियम लिहिलेला होता : जो वर जाईल, चावी त्याच्या खिशात.

जुन्या यंत्राची तऱ्हा अशी की चावी फिरवली तरी लगेच काही होत नाही. आधी पंखा सुरू होतो. ट्यूब तापायला तीन मिनिटं लागतात. मग हिरवा दिवा लागतो आणि त्यानंतर कुणीतरी लाल बटण दाबावं लागतं. तेव्हा कुठे तारेत शक्ती जाते. म्हणजे हे यंत्र चुकून चालू होत नाही. ते चालू करणाऱ्याला तीन मिनिटं विचार करायला मिळतात.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये बाबा वर असताना कुणीतरी ते चालू केलं. बाबांचे दोन्ही हात तारेवर होते. बिनतारीचं भाजणं चुलीच्या भाजण्यासारखं नसतं. वरून नुसता पांढरा डाग दिसतो आणि आतलं मांस शिजलेलं असतं. पट्ट्याला लटकलेल्या बाबांना बंदरावरच्या खलाशांनी उतरवलं. मी नऊ वर्षांची होते. त्यानंतर बाबांनी मला कधी घास भरवला नाही, मीच त्यांना भरवला.

चौकशी झाली. चौबळ तेव्हा केंद्राचे प्रमुख. त्यांनी लिहून दिलं की यंत्राला एकच चावी आहे, तोरस्कर ती यंत्रातच ठेवून निष्काळजीपणे वर चढला, आणि खाली आणल्यावर त्याने घाईघाईत ती काढून खिशात टाकली. ड्यूटीवरचा ऑपरेटर पास्कू फर्नांडिस, त्याने 'मी काही पाहिलं नाही' म्हणून सही केली. बाबांची नोकरी गेली. जळलेल्या हातांवर निष्काळजीपणाचा शिक्काही बसला. मनोऱ्यावर चढणाऱ्याला दुसरा कोण ठेवणार?

"ती चावी तेंच्या विजारीच्या खिशात माका गावली, इस्पितळात," आई येईल त्याला सांगायची. "हात भाजलेलो माणूस खिशात हात कसो घालतलो?" तिला चौकशीत कुणी बोलावलं नाही. ती गेली तेव्हाही हेच वाक्य तिच्या तोंडात होतं.

मला लहानपणापासून एक गोष्ट कळत नव्हती. चावी आमच्या घरी फडताळात होती, आणि एकवीस वर्षांत ती मागायला कुणी आलं नाही. एकुलती एक चावी गेली तर माणूस कुलूप बदलतो, नाहीतर चावीच्या मालकाचा उंबरा झिजवतो. वेळसरला पहिल्याच दिवशी मला उत्तर मिळालं. दुपारी चौबळ जेवायला गेले तेव्हा मी आमची चावी जुन्या यंत्रात घातली. ती लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली आणि पंखा घोंघावायला लागला. कुलूप तेच होतं. म्हणजे चौबळांच्या खिशातली होती ती दुसरी, आणि बाबा भाजले त्या दिवशीही ती त्यांच्याकडेच होती.

मी पंखा बंद केला. आता कुणी म्हणेल, मग अर्ज करायचा, वरिष्ठांना दाखवायचं. एकवीस वर्षांपूर्वीची फाईल कुठल्या वाळवीच्या पोटात गेली असेल कोण जाणे. आणि खरं सांगू का, मला कागद नकोच होता. मला ते हात हवे होते.

पुढचे आठ दिवस मी काम केलं, आणि चोख केलं, कारण राग आला म्हणून काम वाईट करणाऱ्यातली मी नाही. विहिरीपर्यंत तांब्याची पट्टी पुरून अर्थिंग घेतलं. खारी हवा आत येऊ नये म्हणून पंख्यांना जाळ्या बसवल्या. सोळाही अँप्लिफायर एकेक करून ठेक्यात आणले. चौबळ येताजाता कौतुक करायचे. घरून सोलकढी पाठवायचे. बायकांनी या क्षेत्रात यायला हवं, असं म्हणायचे. महिन्याभरात ते निवृत्त होणार होते आणि निरोपसमारंभाच्या भाषणाची उजळणी माझ्यासमोर करायचे. त्यात 'एकही संदेश चुकला नाही' हे वाक्य तीन वेळा यायचं. ते दुष्ट दिसले असते तर मला सोपं गेलं असतं. चांगल्या वागण्याने माझा राग वाढतच गेला.

चौथ्या दिवशी पास्कू माझ्यापाशी येऊन उभा राहिला. तो आता म्हातारा झाला होता, पण अजून ऑपरेटरच होता.

"तू दत्तारामाचा चेडू ना गो?" त्याने हळूच विचारलं. "हनुवटी तेचीच असा. बापूस बरो असा?"

"हात सोडले तर बरे आहेत," मी म्हटलं.

तो परत आपल्या टेबलापाशी गेला. चौबळांना मात्र त्याने सांगितलं नाही. गप्प बसायची त्याला सवयच होती, असं मी मनात म्हटलं आणि त्याचंही नाव माझ्या यादीत लिहून ठेवलं.

नवव्या दिवशी तपासणीसाठी मुंबईहून कुलथे नावाचे अधिकारी आले. नवं यंत्र सकाळपासून पूर्ण ताकदीवर चालवून ठेवलं होतं. बाहेरच्या तारेला न जोडता आधी ते डमी लोडवर चालवतात. शक्ती नुसती पिऊन टाकणारी ती पेटी असते, खोटी अँटेनाच म्हणा. सोळा अँप्लिफायरांचे पंखे एकदम चालू असल्यामुळे खोलीत एवढा आवाज होता की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. तो आवाज मी ठरवून आणला नव्हता. पण तो माझ्या उपयोगाचा आहे, हे मला सकाळीच कळलं होतं.

ठरलं असं होतं की जुनं यंत्र बंद करायचं, तांब्याची नळी त्याच्यापासून सोडवून नव्याला जोडायची, आणि अकराचा संदेश नव्या यंत्रावरून द्यायचा. नळी सोडवायचं काम खरं तर माझ्या माणसांचं. पण चौबळांना आपल्या हातांनी ते करताना फोटो हवा होता. कुलथ्यांनी कॅमेरा काढला. चौबळांनी जुनं यंत्र बंद केलं, चावी काढून सगळ्यांना दाखवली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि भिंतीवरच्या नियमाकडे बोट करून हसले. मग पाना घेऊन नळीपाशी गेले.

अशा नळीला हात लावण्याआधी तिच्यावर अर्थिंगची काठी अडकवायची असते. काठीला तांब्याचा आकडा असतो आणि त्याची जाड वायर जमिनीत गेलेली असते. शक्ती चुकून आलीच तर माणसात न जाता जमिनीत जाते. काठी तिथेच भिंतीला टांगलेली होती. फोटोत आडवी येईल म्हणून चौबळांनी ती लावली नाही. काठी लावा म्हणणं माझं काम होतं आणि मी म्हटलं नाही.

नळीचा बोल्ट मिठाने जाम झाला होता. त्यांनी डाव्या हाताने नळी घट्ट धरली आणि उजव्याने पाना फिरवायला लागले. कुलथे कॅमेऱ्यात डोळा घालून उभे होते. मी जुन्या यंत्राच्या पुढ्यात होते. रुमाल सोडला, चावी घातली आणि फिरवली.

पंखा सुरू झाला. मला तो तळव्याला जाणवला. नव्या यंत्राच्या गोंगाटात ऐकू मात्र कुणालाच आला नाही.

माझा बेत एवढाच होता की पंखा सुरू करायचा आणि त्यांची भंबेरी उडालेली बघायची. एकवीस वर्षं मी मनात हेच रंगवलं होतं. पण त्यांना तो ऐकूच आला नाही. ते बोल्टशी झटत राहिले आणि मी घड्याळाकडे बघत राहिले. पहिल्या मिनिटाला मला वाटलं, ते आता मागे बघतील. दुसऱ्या मिनिटाला त्यांनी दुसरा हातही नळीवर घेतला आणि कुलथ्यांना ओरडून सांगितलं, "फार जुना बोल्ट आहे, माझ्याएवढाच." मग ते मनापासून हसले. तेव्हा मला कळलं की बाबा वर होते त्या दिवशी हा माणूस असाच इथे उभा असेल, घड्याळाकडे बघत, तीन मिनिटं, आणि खिडकीतून मनोरा स्वच्छ दिसत असेल.

हिरवा दिवा लागला. माझं बोट लाल बटणावर होतं. ते तिथे कधी गेलं, मला आठवत नाही. बटण थोडं गार लागलं, एवढं आठवतं.

"सायबा, हात काढा! मशीन चालू असा!"

ओरडला तो पास्कू. तो दारात उभा होता आणि हिरव्या दिव्याकडे बघत होता. दुसऱ्याच क्षणी त्याने भिंतीवरचा मुख्य खटका खाली ओढला. सगळे पंखे एकदम थांबले आणि खोली मुकी झाली. चौबळ मागच्या मागे धडपडून जमिनीवर बसले होते, दोन्ही हात छातीशी धरून. इतका वेळ ओरडून बोलल्यामुळे असेल किंवा भीतीने असेल, त्या शांत खोलीतही ते ओरडूनच बोलले.

"शक्य नाही! चावी माझ्या खिशात आहे! दुसरी तर तोरस्करच्या खिशात होती, त्याच्याबरोबर खाली आली होती!"

कुलथ्यांनी कॅमेरा खाली घेतला. "दुसरी म्हणजे?" त्यांनी विचारलं. "कोण तोरस्कर?"

मी यंत्रातून चावी काढली आणि चौबळांसमोर धरली, पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर धरली होती तशीच.

"माझे वडील," मी म्हटलं. "साहेब, पंखा ऐकू आला नाही ना? शंभर फुटांवरही येत नाही."

चौबळ कुलथ्यांकडे वळून अपघात, गैरसमज, जुनी गोष्ट असं काहीबाही पुटपुटायला लागले. पास्कू मधे आला. एकवीस वर्षं गिळलेलं वाक्य होतं ते, त्यामुळे अडखळत बाहेर आलं.

"मी थंय खिडकीत होतंय. अकराचो संदेश चुकू नये म्हणान चावी सायबान टेबलाच्या खणातसून काढल्यान. बटणय सायबानच दाबल्यान. मी बघलंय. तेव्हा माझी तीन पोरां शाळेत होती, म्हणून सही केलंय."

त्या दिवशी अकराचा संदेश अकरा वाजून अडतीस मिनिटांनी गेला. वहीत 'संदेश वेळेवर गेला नाही' ही नोंद पास्कूने स्वतः केली, मोठ्या अक्षरात. चौबळांचा निरोपसमारंभ झाला नाही. फाईल वाळवीने खाल्लेली नव्हती. ती सापडली, चौकशी पुन्हा उघडली, आणि दीड वर्षाने बाबा निर्दोष असल्याचं पत्र घरी आलं. कुलथ्यांनी मलाही विचारलं होतं की चावी का फिरवलीत. मी सांगितलं, दुसरी चावी आहे हे दाखवण्यासाठी फक्त पंखा सुरू केला. त्यांनी तसंच लिहून घेतलं. माझं बोट कुठे होतं, हे कुणी विचारलं नाही.

विचारलं ते बाबांनी. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी मी कुडाळला घरी गेले. पडवीत त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, चौबळ जमिनीवर कसे बसले ते दोनदा सांगितलं. मला वाटलं होतं, बाबा हसतील, रडतील, निदान आईचं नाव घेतील. ते शांतपणे ऐकत होते, वाकडी बोटं मांडीवर ठेवून.

"काठी लावलली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि तेचे हात नळयेर होते."

"हो."

"हिरवो दिवो लागलो, तेव्हा तुझा बोट खंय होता?"

मी बाबांशी कधी खोटं बोलले नव्हते. म्हणून मी गप्प बसले.

"पास्कू वरडलो नसतो तर?"

अंगणात कुणीतरी सुपारी वाळत घातली होती. मी तिच्याकडे बघत राहिले. बाबांनी दोन मनगटांच्या मधे पकडून माझ्या मांडीवरची चावी उचलली. बोटांनी त्यांना काही धरता येत नसे. ते उठले, चालत विहिरीपाशी गेले आणि चावी आत सोडून दिली. परत येऊन म्हणाले, "चल, जेवूया." त्या दिवशी मी घास पुढे केला, तर त्यांनी तोंड उघडायला क्षणभर उशीर केला.

बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली. निर्दोष असल्याचं पत्र चौकटीत घालून मी भिंतीला लावलंय. चौबळांची मला अजून दया येत नाही, आणि येणारही नाही. त्यानंतर मी पन्नासेक यंत्रं बसवली असतील. चावी मोजून घेते, काठी स्वतःच्या हाताने लावते, नियम सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावते. आणि कुणी तारेला हात घातला की मी खोलीबाहेर जाऊन उभी राहते. पोरं विचारतात, मॅडम, तुम्ही आत का थांबत नाही? मी सांगते, पंख्याच्या आवाजाने माझं डोकं दुखतं.